सहा गाणी, सहा बाजू : ‘इन्ट्रोस्पेक्टिव्ह’ आणि लांबीचा प्रश्न

१० ऑक्टोबर १९८८ रोजी लंडनच्या पार्लोफोन कंपनीने ‘पेट शॉप बॉइज’ या दोघांच्या जोडीचा तिसरा अल्बम बाजारात आणला. नाव ‘इन्ट्रोस्पेक्टिव्ह’, म्हणजे अंतर्मुख. मुखपृष्ठावर गायकांचे छायाचित्र नाही. मार्क फॅरो या आरेखनकाराने केलेले रंगांचे उभे पट्टे, एवढेच. आत गाणी सहा. त्या काळात पॉप अल्बमवर सर्रास दहा गाणी असत आणि प्रत्येक गाणे चारेक मिनिटांत आटपत असे. इथे सर्वांत छोटे गाणे सहा मिनिटांच्या वर जाते आणि सर्वांत मोठे नऊ मिनिटांच्या. सगळे मिळून सुमारे ४८ मिनिटे. पुढे याच अल्बमचा एक मर्यादित संच निघाला : बारा इंची तीन तबकड्या, सहा बाजू, दर बाजूला एक गाणे.

नाचण्यासाठी केलेल्या यांत्रिक ठेक्याच्या संगीताला अंतर्मुख हे नाव द्यावे, यात थोडी थट्टा आहे. या जोडीच्या कोणत्याही कृतीत ती असतेच. पण मी गेली बरीच वर्षे हा अल्बम ऐकतो आहे, त्याच्याविषयी मिळेल ते वाचतो आहे, आणि माझे मत असे झाले आहे की हे नाव शब्दशः घ्यावे. या सहा गाण्यांत लांबी ही नाचणाऱ्यांची सोय म्हणून आलेली नाही. एकट्या माणसाच्या मनाला फिरायला जागा हवी म्हणून ती आली आहे. ती प्रत्येक गाण्यात सारखी साधलेली नाही. एका गाण्यात तर साफ फसली आहे. पण प्रश्न नीट मांडला गेला तो इथे.

प्रश्न कळण्यासाठी आधी गाणे तीन मिनिटांचे का झाले हे पाहावे लागते. ते कारण सौंदर्यशास्त्राचे नाही, तबकडीचे आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटे मावत. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हापासून आपल्याकडच्या गवयांनी या चिमट्यात बसण्याची विद्या आत्मसात केली. तासभर रंगणारा ख्याल तीन मिनिटांत कसा आवळावा, आलाप किती कापावा, तान कुठे टाकावी, याचे एक स्वतंत्र शास्त्रच त्या तबकड्यांमधून तयार झाले. आपण मात्र कधीही तबकडीवरच्या रूपाला मूळ आणि मैफलीतल्या रूपाला ‘वाढवलेले’ म्हटले नाही. मैफल मूळ, तबकडी हा तिचा सारांश, ही समज आपल्या ऐकण्यात मुरलेली आहे.

पाश्चात्त्य पॉपमध्ये नेमके उलट झाले. तिथे गाणे जन्मालाच सात इंची तबकडीच्या मापाने आले. रेडिओने ते माप पक्के केले. तीन मिनिटांचे गाणे हेच गाणे. त्याहून लांब काही असेल तर ती पुरवणी. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या नाचघरांना ही पुरवणी हवी होती, कारण नाचणाऱ्यांच्या अंगात ठेका भिनेपर्यंत गाणे संपून जाई. टॉम मोल्टन याने गाण्यांचे लांब मिश्रण करायला सुरुवात केली. बारा इंची सिंगलचा उगमही त्याच्याच नावावर आहे, आणि तो चक्क योगायोग आहे : तबकडी कापणाऱ्या तंत्रज्ञाकडच्या लहान कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या, म्हणून मोठ्या तबकडीवर एकच गाणे कापले. जागा भरपूर, खोबणी रुंद, त्यामुळे आवाज मोठा आणि खर्ज दणदणीत. अडचणीतून असा शोध लागला. १९७६ साली सॅलसोल कंपनीने ‘डबल एक्स्पोझर’चे ‘टेन पर्सेंट’ हे गाणे वॉल्टर गिबन्सने केलेल्या लांब रूपात बारा इंची तबकडीवर विक्रीला काढले आणि हा प्रकार दुकानांत पोहोचला.

लांब करणे म्हणजे काय, हे इथे सांगायला हवे. नाहीतर आपला वाचक त्याला आलाप समजेल. तसे ते नाही. आलापात रागाचे स्वर एकेक करून उलगडतात, वाढ आतून होते. बारा इंची गाण्यात ठेका अढळ असतो आणि वाढ थरांची असते : आधी नुसते ड्रम मशीन, मग खर्जाची लकेर, मग सिंथेसायझरचे सूर, मग आवाज, पुढे एकेक थर काढून घ्यायचा, पुन्हा नुसता ठेका उघडा पाडायचा, आणि सगळे थर एकदम परत आणायचे. ऐकणाऱ्याला ओढ लागते ती या परतण्याची. मला याची जवळची खूण आलापापेक्षा दिंडीत सापडते. टाळ-मृदंगाची गती तीच, शब्द तेच, आणि त्यांच्या न बदलण्यातूनच हळूहळू काहीतरी बदलते. ही तुलना मी इथेच सोडतो. ती फार ताणली तर तुटेल.

मुद्दा असा की १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधल्या प्रत्येक पॉप गाण्याला असे एक लांब भावंड असे, आणि ते भावंड धाकटे मानले जाई. आधी सिंगल निघे, त्याबरोबर बारा इंची रूप निघे. बऱ्याचदा मधे उगीच ढोल-ताशे घुसडून मिनिटे भरलेली असत. अपवाद होते. ‘न्यू ऑर्डर’चे ‘ब्लू मंडे’ १९८३ साली थेट बारा इंचीवरच आले. पण रिवाज तोच. खुद्द पेट शॉप बॉइजनी १९८६ साली ‘डिस्को’ नावाचा संग्रह काढला होता. त्यात आधी येऊन गेलेल्या गाण्यांची लांब रूपे होती.

‘इन्ट्रोस्पेक्टिव्ह’मध्ये त्यांनी हा क्रम उलटा केला. अल्बमवरचे लांब रूप हेच गाणे. त्यातून पुढे सिंगल काढायचे तर ते कापून, नव्याने बेतून काढायचे. तबकडी हा सारांश, ही आपली समज त्यांनी आपल्या वाटेने गाठली म्हणा ना.

या दोघांची पार्श्वभूमी इथे उपयोगाची आहे. नील टेनंट १९५४चा, इंग्लंडच्या ईशान्येकडच्या नॉर्थ शील्ड्सचा. इतिहास शिकलेला, आणि ‘स्मॅश हिट्स’ या पॉप नियतकालिकाचा सहायक संपादक. क्रिस लो १९५९चा, ब्लॅकपूलचा. लिव्हरपूल विद्यापीठात वास्तुकला शिकणारा. १९८१च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या एका दुकानात त्यांची गाठ पडली. एक जण शब्द मोजून वापरणारा संपादक, दुसरा जागेचा विचार करायला शिकलेला. ‘इन्ट्रोस्पेक्टिव्ह’ ऐकताना मला या दोन शिक्षणांची आठवण होते. संपादक नको ते काढतो, वास्तुविशारद कुठे काही ठेवायचे नाही ते ठरवतो.

मी स्वतः संगीत शिकलेलो नाही. माझे शिक्षण कॅसेटच्या आतल्या कागदावरचा बारीक मजकूर वाचून झाले : निर्माता कोण, मिश्रण कोणाचे, कुठल्या स्टुडिओत. हा अल्बम माझ्याकडे आला तो कुणीतरी कुणाकडून उतरवून घेतलेल्या कॅसेटवर, तेव्हा तोही कागद नव्हता. कोणते गाणे कुठे संपते हे घड्याळ लावून शोधावे लागले. त्या सवयीचा फायदा असा की गाण्यात कितव्या मिनिटाला काय होते याकडे माझे लक्ष आजही आपोआप जाते.

पहिले गाणे ‘लेफ्ट टू माय ओन डिव्हायसेस’. निर्माते ट्रेव्हर हॉर्न आणि स्टीफन लिप्सन. हॉर्न हा भव्यतेचा भोक्ता. त्याने नाचाच्या ठेक्यावर पूर्ण वाद्यवृंद बसवला, वर ऑपेरा गाणारा स्त्रीस्वर चढवला. एवढा थाट कशासाठी? गाण्यातला माणूस सांगतो आहे आपल्या एका साध्या दिवसाची हकिगत. उठलो, चहा घेतला, फोन केला, बाहेर गेलो, परत आलो. मधेच त्याला बालपण आठवते : घरामागच्या बागेत एकट्यानेच लढाईचा खेळ खेळणारा, स्वतःच सेनापती असलेला मुलगा. आणि ध्रुवपदात तो कुणा ‘तू’ला सांगतो, की मला माझ्या मनावर सोडलेस तर बहुधा मी तुझ्याकडेच येईन. त्या ‘बहुधा’कडे लक्ष द्यावे. पॉप गाण्यातले प्रेम शपथेवर बोलते. हे प्रेम सवयीसारखे बोलते. टेनंटचा आवाज इथे वर चढत नाही, बातमी वाचावी तसा सपाट राहतो. सगळी उत्कटता त्याने वाद्यवृंदाकडे सोपवली आहे. माणूस म्हणतो, विशेष काही नाही. व्हायोलिनचा ताफा म्हणतो, विशेष आहे. आठ मिनिटे ही दोन विधाने शेजारी शेजारी चालतात. १९८८च्या नोव्हेंबरमध्ये हे गाणे सिंगल म्हणून आले तेव्हा पावणेपाच मिनिटांच्या आसपास आणले गेले. वाद्यवृंदाची ऐसपैस सुरुवात आवळली. ते चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचले, आणि सिंगल म्हणून ते उत्तमच आहे. पण त्यात दिवस सरल्यासारखा वाटत नाही.

याच गाण्यात डेब्युसी हा फ्रेंच संगीतकार आणि चे ग्वेव्हारा हा क्रांतिकारक यांना डिस्कोच्या ठेक्यावर एकत्र आणणारी एक ओळ आहे. टीकाकार तिला जोडीच्या उच्चभ्रू विनोदाचा नमुना मानतात. मला ती ऐकताना मुंबई आठवते, आणि त्याला कारण आहे. या अल्बमच्या सहा वर्षे आधी, १९८२ साली, चरणजित सिंग या मुंबईच्या चित्रपटसृष्टीतल्या वादकाने जपानी रोलँड कंपनीची सिंथेसायझर आणि ड्रम मशीन वापरून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि अल्बमच्या नावातच तसे सांगितले. कुणी फारसे ऐकले नाही. २०१० साली ते परत निघाले तेव्हा जगभरातले लोक चकित झाले. अभिजात आणि नाचाचे एकत्र आणले की आपल्याकडे प्रतिक्रिया ठरलेली असते : एकतर पावित्र्यभंग, नाहीतर गंमत. तिसरी शक्यता, म्हणजे ठेक्यामुळे रागाकडे किंवा वाद्यवृंदाकडे वेगळे लक्ष जाईल ही, कुणी विचारातच घेत नाही. ‘लेफ्ट टू माय ओन डिव्हायसेस’ ती घेते.

दुसरे गाणे ‘आय वॉन्ट अ डॉग’. हे आधी १९८७ साली ‘रेंट’ या सिंगलच्या मागच्या बाजूवर येऊन गेले होते. मागची बाजू म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांप्रमाणेच, कुणी उलटली तर ऐकायची. विषय हास्यास्पद वाटेल इतका लहान : मला कुत्रा हवा, घर लहान आहे म्हणून कुत्राही लहान हवा, म्हणजे संध्याकाळी परतल्यावर घरात कुणीतरी असेल. अल्बमसाठी हे गाणे फ्रँकी नकल्सकडे मिश्रणाला दिले गेले. नकल्स हा शिकागोच्या ‘वेअरहाउस’ या नाचघरात १९७७ पासून तबकड्या लावणारा. ‘हाउस’ हे संगीतप्रकाराचे नाव त्या नाचघराच्या नावावरून आले असे मानतात. तिथे येणारे बहुतेक तरुण काळे आणि लॅटिनो, त्यांतले पुष्कळ समलिंगी. बाहेरच्या शहरात ज्यांना मोकळेपणाने उभे राहायला जागा नव्हती असे. नकल्सने या कुत्र्याच्या गाण्याला सावकाश चालणारा ठेका आणि मोकळे सोडलेले पियानोचे सूर दिले. विनोद उरला, पण त्याखाली रिकामी खोली दिसू लागली. मिनिटाला साधारण १२० ठोके हा हाउसचा नेहमीचा वेग. त्या वेगात इतके एकाकी वाटू शकते हे मला या गाण्याने दाखवले. मागच्या बाजूवरचे मूळ रूप ऐकून पाहावे. तेही गोड आहे. पण तिथे माणूस आपली इच्छा सांगतो आणि निघून जातो. इथे तो सांगून झाल्यावरही त्याच खोलीत बसून राहतो.

‘डॉमिनो डान्सिंग’विषयी सावकाश बोलायला हवे. हे गाणे मायामीत, लुइस मार्टिने या निर्मात्याबरोबर केलेले. तिथल्या लॅटिन नाचसंगीताचे तुतारीसारखे सूर, गिटार, उन्हाळा. नाव आले ते सुट्टीत डॉमिनो खेळताना प्रत्येक डाव जिंकल्यावर नाचणाऱ्या एका मित्रावरून. गाणे मत्सराचे आहे : जिच्यावर प्रेम आहे तिच्याभोवती एकामागून एक लोक कोसळताहेत, सोंगट्यांसारखे. चित्रफीत पोर्तो रिकोत चित्रित झाली. दोन तरुण एका मुलीसाठी भांडतात आणि शेवटी उघड्या अंगाने समुद्राच्या लाटांत एकमेकांशी झोंबतात, मुलगी बाजूलाच राहते. अमेरिकेत हे दृश्य अनेकांना खटकले. तिथे या जोडीची घसरण इथून सुरू झाली असे बरेच जण मानतात.

१९८८ हे वर्ष लक्षात घ्यावे. एड्सने लंडनमधल्या आणि न्यूयॉर्कमधल्या तरुणांच्या पिढीतून माणसे उचलायला सुरुवात केली होती. त्याच वर्षी २४ मे रोजी ब्रिटनमध्ये स्थानिक शासन कायद्याचे कलम २८ लागू झाले. स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेला ‘प्रोत्साहन’ देऊ नये, असा त्याचा आशय. जूनच्या सुरुवातीला लंडनच्या पिकॅडिली थिएटरमध्ये त्याविरुद्ध कलावंतांचा कार्यक्रम झाला, त्यात हे दोघे रंगमंचावर आले. तोवर त्यांनी एकही दौरा केलेला नव्हता. लोकांसमोर गाणे हेच त्यांच्यासाठी विरळा होते. टेनंटने आपण समलिंगी असल्याचे जाहीरपणे सांगितले ते मात्र १९९४ साली.

या पार्श्वभूमीवर कोसळणाऱ्या सोंगट्यांचे गाणे अनेकांनी रोगाचे आणि मृत्यूचे गाणे म्हणून ऐकले. मला हे वाचन ना खोडावेसे वाटते, ना एकमेव म्हणून स्वीकारावेसे. ज्या लेखकाला जे उघड लिहिता आले नाही ते त्याने लपवून लिहिले, असे धरून चालणारी टीका आपल्याकडेही फोफावली आहे. ती प्रत्येक कवितेला कुलूप समजते आणि स्वतःला किल्ली. टेनंट लपवत नव्हता, तो सर्वनामांच्या बाबतीत काटकसर करत होता. त्या काटकसरीमुळे ‘तू’ कुणीही होऊ शकतो, आणि मत्सर करणाऱ्याचे दुःख फक्त मत्सराचे राहत नाही. सात मिनिटांहून लांब अशा या गाण्यात सोंगट्या पडण्याची ओळ इतक्यांदा येते की तिच्यातली खेळकर लय आपोआप झिजते. पहिल्यांदा ऐकताना ती तक्रार वाटते, पाचव्यांदा ती मोजदाद वाटू लागते. चार मिनिटांच्या सिंगलमध्ये ती तक्रारच राहते. रोगाविषयीचे वाचन ज्यांना सुचले त्यांना ते लांब गाण्यातूनच सुचले असावे, असा माझा तर्क आहे. पुढच्या वर्षी डेरेक जार्मन या चित्रपटकाराने त्यांच्या पहिल्या दौऱ्यासाठी मागच्या पडद्यावर दाखवायचे चित्रपट केले, त्यात या गाण्यासाठीचाही एक होता. जार्मनला एचआयव्हीची लागण झालेली होती, आणि ती गोष्ट त्याने लपवलेली नव्हती.

व्यवहाराच्या अंगाने हे गाणे एक सीमारेषा ठरले. १९८६च्या जानेवारीपासून १९८८च्या एप्रिलपर्यंत या जोडीची चार गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली होती : ‘वेस्ट एंड गर्ल्स’, ‘इट्स अ सिन’, ‘ऑल्वेज ऑन माय माइंड’, ‘हार्ट’. सप्टेंबर १९८८ मध्ये ‘डॉमिनो डान्सिंग’ सिंगल म्हणून आले आणि सातव्यावर अडकले. त्यानंतर आजवर त्यांचे एकही गाणे पहिले आलेले नाही. टेनंटने कारकिर्दीच्या त्या भरभराटीच्या टप्प्याला पुढे साम्राज्यकाळ असे नाव दिले, आणि तो संपल्याची जाणीव आपल्याला याच गाण्याच्या वेळी झाली असे सांगितले. हे नाव आता इंग्रजी पॉपसमीक्षेत कुणाच्याही कारकिर्दीला लावतात. स्वतःच्या पडझडीला संज्ञा देणारा गायक विरळाच. जुना संपादक बोलला तो. अल्बम स्वतः दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, म्हणजे अपयश म्हणावे असे काही नव्हते. पण पॉपमध्ये सिंगल रेडिओवर वाजते आणि तेच कारकीर्द ठरवते. ज्या अल्बमने सिंगलला दुय्यम मानले, त्याच्या पहिल्याच सिंगलने त्यांना खाली आणले, हा हिशेब मला महत्त्वाचा वाटतो.

‘आय अॅम नॉट स्केअर्ड’ मूळचे ‘एट्थ वंडर’ या गटासाठी, त्यातल्या पॅट्सी केन्सिटसाठी लिहिलेले. तिने ते सातव्या क्रमांकापर्यंत नेले होते. इथे टेनंट ते स्वतः गातो. चांगले आहे, फारसे बोलण्यासारखे नाही.

‘ऑल्वेज ऑन माय माइंड / इन माय हाउस’ मात्र या अल्बमचा कच्चा दुवा आहे, आणि ते बोलायलाच हवे, कारण तेच सर्वांत गाजलेले आहे. मूळ गाणे १९७२चे. एल्व्हिस प्रेस्ली ते गायला, दहा वर्षांनी विली नेल्सन गायला. एल्व्हिसच्या मृत्यूला दहा वर्षे झाली तेव्हा दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमासाठी या जोडीने ते बसवले, आणि १९८७च्या नाताळात ते पहिल्या क्रमांकावर होते. प्रेयसीची माफी मागणारे संथ गाणे त्यांनी सिंथेसायझरच्या झळाळत्या सुरावटीवर उभे केले, आणि माफी एकदम विजयोत्सवासारखी ऐकू येऊ लागली. चार मिनिटांत ही चलाखी अप्रतिम आहे. अल्बमसाठी ते नऊ मिनिटांवर नेताना मधे ‘इन माय हाउस’ हा भाग जोडला. तिथे टेनंट गातो कमी आणि बोलतो जास्त, खाली हाउसचा ठेका चालतो. इथे लांबीला कारण सापडत नाही. दुसऱ्याचे गाणे उघडून त्याच्या आत आपली खोली बांधायची कल्पना बरी होती, पण त्या खोलीत कुणी राहत नाही. नेमके जे रिवाजाने होत आले होते, गाजलेले सिंगल ओढून लांब करणे, तेच हे आहे. अल्बमवर ते आले ते गाजले होते म्हणून. हॉर्न, नकल्स, मार्टिने यांनी त्यांच्या गाण्यांना दिलेला अवकाश ऐकल्यावर इथली मिनिटे मोजावीशी वाटतात.

शेवटचे ‘इट्स ऑलराइट’. हेही दुसऱ्याचेच : शिकागोच्या स्टर्लिंग व्हॉइडचे १९८७चे हाउस गाणे. पुन्हा ट्रेव्हर हॉर्नची निर्मिती, नऊ मिनिटांच्या वर. शब्दांत जगातल्या दुःखांची यादी आहे : हुकूमशाह्या, युद्धे, उद्ध्वस्त होणारी माणसे, आणि त्यावर उतारा म्हणून एवढेच की संगीत टिकेल, सगळे ठीक होईल. मला हा आशावाद शब्दांत पटत नाही. वर्तमानपत्राचे मथळे वाचून दाखवायचे आणि शेवटी पाठीवर हात ठेवायचा, असे भाबडेपण कुणा नवोदिताच्या कवितेत दिसले तर संपादक परत पाठवील. टेनंटसारख्या उपरोधिक माणसाने स्वतः असे काही लिहिले नसते. म्हणूनच बहुधा त्याने ते दुसऱ्याकडून घेतले. पाच गाणी स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या दिवसात, स्वतःच्या मत्सरात फिरून झाल्यावर खिडकी उघडायला त्याला परके शब्द लागले. आणि त्याने ते हसत नाही, शिकागोच्या नाचघरांत ज्यांनी ते पहिल्यांदा ऐकले त्यांच्याइतक्याच सरळपणे गायले आहे. मागे समूहस्वर, हॉर्नचा नेहमीचा थाट, थोडा जास्तच.

१९८९च्या जूनच्या अखेरीस हे गाणे नव्याने बेतून, निम्म्याहून कमी लांबीत सिंगल म्हणून निघाले आणि पाचव्या क्रमांकापर्यंत गेले. त्यात यादी आहे, दिलासाही आहे, आणि दोन्ही एकमेकांना चिकटून आहेत. अल्बमवर त्यांच्यामध्ये शब्द नसलेली लांबच लांब जागा आहे. नुसता ठेका, एकेक थर येतो, जातो, पुन्हा येतो. सगळे ठीक होईल यावर तिथे कुणी आपल्याला लगेच होय म्हणायला सांगत नाही. होय म्हणायचे की नाही हे ठरवायला पुरेसा वेळ मिळतो. माझे अजून ठरलेले नाही.